भूजलाची तपासणी जागेवरच: कमी खर्चाची साधने बनवण्याची आणि पारखून घेण्याची रीत

गावाच्या पिण्याच्या पाण्याचा रासायनिक नमुना साधारणपणे वर्षातून एकदा, फार तर दोनदा प्रयोगशाळेत जातो आणि त्या आकड्यावर पुढचे वर्षभर भिस्त ठेवली जाते. प्रत्यक्षात मे महिन्यात पातळी खोल गेलेल्या बोअरचे पाणी आणि ऑक्टोबरमध्ये त्याच बोअरमधून येणारे पाणी यांत पुष्कळदा मोठा फरक असतो. दोन तपासण्यांमधला हा काळ कोरा राहू नये म्हणून जागेवर वापरता येतील अशी स्वस्त साधने लागतात. ती जोडणे आता अवघड राहिलेले नाही. त्यांनी दाखवलेल्या आकड्यावर कितपत विसंबायचे हे ठरवणे मात्र अजूनही तितकेच अवघड आहे. म्हणून या लेखात जोडणीपेक्षा अंशशोधनाला, म्हणजे ज्याचे प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा द्रावणावर साधन पारखून घेण्याला, जास्त जागा दिली आहे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, विज्ञानाचे शिक्षक आणि पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्था यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. थोडे सोल्डरिंग आणि दहावीपर्यंतचे रसायनशास्त्र एवढी तयारी त्यासाठी पुरते.

आधी प्रश्न, मग साधन

सगळे घटक मोजणारे स्वस्त साधन अस्तित्वात नाही, त्यामुळे आपल्या भागात कोणता दोष संभवतो हे आधी ठरवावे लागते. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे आणि त्यातील उथळ विहिरींचे पाणी रासायनिकदृष्ट्या बरेचसे चांगले असते. तिथे मुख्य भीती जिवाणूंची आणि गोठे, उकिरडे, शौचखड्डे व खते यांतून झिरपणाऱ्या नायट्रेटची असते. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या ज्या भागांत ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत तिथल्या बोअरमध्ये फ्लोराइड वाढलेले आढळते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात प्रश्न क्षारांचा आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत उपसा वाढला की समुद्राचे खारे पाणी विहिरीत शिरते.

मोजणी कशाशी ताडून पाहायची याचे आकडे ‘आयएस १०५०० : २०१२’ या भारतीय मानकात दिलेले आहेत. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले घटक, म्हणजे टीडीएस, ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत (पुढे ‘मि.ग्रॅ./लि.’) असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. फ्लोराइड १.० पर्यंत असावे आणि पर्याय नसल्यास १.५ पर्यंत चालते. नायट्रेटला ४५ मि.ग्रॅ./लि. ही एकच मर्यादा असून तीत सवलत नाही. ई. कोलाय जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये.

या आकड्यांवरून साधनांचा संच ठरतो: विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) आणि तापमान मोजणारे एक साधन, फ्लोराइड व नायट्रेटसाठी एक प्रकाशमापी, म्हणजे रंगीत द्रावणातून किती उजेड आरपार जातो ते मोजणारे साधन, आणि जिवाणूंसाठी तयार मिळणारी बाटली. आर्सेनिक, शिसे किंवा कीटकनाशके यांच्या वाटेला घरगुती साधनांनी जाऊ नये. तिथे नमुना थेट प्रयोगशाळेतच पाठवावा.

नमुना घेण्याची रीत

साधन कितीही चांगले असले तरी नमुना चुकला की सारे फुकट जाते, आणि गावपातळीवरच्या तपासणीत सर्वाधिक चुका इथेच होतात असे माझे मत आहे. रात्रभर बंद असलेल्या हापशातून पहाटे निघणारे पहिले पाणी पाइपात आणि बोअरच्या वरच्या भागात साचून राहिलेले असते; त्यात पाइपाचे लोखंड उतरलेले असते आणि ते खडकातल्या पाण्याचे प्रतिनिधित्व करत नाही.

पाठ्यपुस्तकातला नियम असा की बोअरमध्ये उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकावे आणि मग नमुना घ्यावा. सहा इंची बोअरमध्ये दर मीटर उंचीला सुमारे १८ लिटर पाणी मावते. पाण्याचा स्तंभ ३० मीटरचा असेल तर ते ५४० लिटर होते. मिनिटाला ४० दट्टे मारल्यास हापशातून साधारण १२ लिटर पाणी येते, म्हणजे स्तंभ एकदा उपसायलाच पाऊण तास आणि तिप्पट उपसायला सव्वादोन तास लागतील. हे कोणी करणार नाही आणि टंचाईच्या दिवसांत ते करूही नये.

त्याऐवजी विद्युतवाहकतेलाच साक्षीदार करावे. लोकांचे पाणी भरणे सुरू असतानाच जावे, म्हणजे उपसा आपोआप झालेला असतो. दर दोन मिनिटांनी वाहकता मोजावी. लागोपाठच्या तीन वाचनांत पाच टक्क्यांपेक्षा कमी फरक राहिला की पाणी स्थिरावले असे समजून नमुना घ्यावा. उघड्या विहिरीत पृष्ठभागावरचे किंवा काठालगतचे पाणी न घेता वजन बांधलेली बाटली मध्यभागी हातभर खोल सोडावी. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. फ्लोराइडचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यावा, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होऊ शकते. नायट्रेटची तपासणी त्याच दिवशी उरकावी आणि तोवर बाटली थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. पाणी क्लोरीन मिसळण्याआधीचे, म्हणजे टाकीतले नव्हे तर थेट स्रोताचे असावे.

विद्युतवाहकता: विकत घ्यावी की बनवावी

बाजारात काही शे रुपयांत मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर वास्तविक टीडीएस मोजतच नाही. तो वाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणांकाने गुणून ‘पीपीएम’ दाखवतो. हा गुणांक काही मीटरमध्ये ०.५, तर काहींत ०.७ असतो. वाहकता २,४०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर असलेल्या एकाच विहिरीचे पाणी एका मीटरवर १,२०० आणि दुसऱ्यावर १,६८० दिसते ते यामुळेच. दोन गावांनी दोन वेगळे मीटर घेतले की तुलनेचा सारा आधारच जातो. म्हणून ज्यावर वाहकता दाखवण्याची सोय आहे आणि ज्यात तापमानाची दुरुस्ती आपोआप होते असाच मीटर घ्यावा आणि वहीत नेहमी वाहकताच लिहावी. वाहकता दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. मे महिन्यात उन्हात ठेवलेला नमुना ४० अंशांवर गेला आणि मीटरमध्ये दुरुस्ती नसली, तर २५ अंशांच्या मानाने आकडा ३० टक्क्यांनी फुगतो.

पारखण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. कोरडे केलेले ०.७४५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण द्रावण एक लिटर केले की २५ अंशांना त्याची वाहकता १,४१३ मायक्रोसिमेन्स येते. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ते सहज करून मिळते, तयार पुड्याही मिळतात. खारपाणपट्ट्यात काम असेल तर त्याच क्षाराचे दहापट तीव्र द्रावणही करावे. त्याची वाहकता १२.८८ मिलिसिमेन्स असते. स्वयंपाकाचे मीठ यासाठी वापरू नये, कारण त्यात ओलावा आणि मिसळलेले इतर पदार्थ असतात.

स्वतः वाहकतामापी बनवण्याचे कारण एकच: विहिरीत सोडून ठेवून दर तासाला नोंद घ्यायची असेल तर. किनाऱ्यालगतच्या विहिरीत भरती-ओहोटीचा आणि उपशाचा परिणाम पाहायला अशी सलग नोंद फार उपयोगी पडते. त्यासाठी आर्डुइनो नॅनोसारखा, प्रोग्राम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, कार्बनच्या दोन कांड्या, एक किलोओहमचा रोधक आणि डीएस१८बी२० हा जलरोधक तापमान संवेदक एवढे पुरते. कांड्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यात एकमेकींपासून ठरावीक अंतरावर इपॉक्सीने घट्ट बसवाव्यात. इथे एकच गोष्ट विसरून चालत नाही: कांड्यांमधून एकाच दिशेने वीज सोडली तर त्यांच्यावर वायूचे बुडबुडे आणि आयनांचा थर जमतो आणि वाचन सरकत जाते. म्हणून दोन डिजिटल पिनांमध्ये रोधक आणि कांड्या एकापुढे एक जोडून पिनांची दिशा अतिशय वेगाने उलटसुलट करावी, दोन्ही दिशांच्या वाचनांची सरासरी घ्यावी आणि मोजणी संपताच दोन्ही पिना शून्यावर आणाव्यात. कांड्यांमधले अंतर आणि त्यांचे क्षेत्रफळ यांमुळे येणारा गुणांक गणिताने काढत बसू नये. १,४१३ च्या द्रावणात बुडवून जो येतो तोच वापरावा.

टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगले, हा समज मात्र मोडून काढला पाहिजे. ४०० मि.ग्रॅ./लि. टीडीएस असलेल्या पाण्यात २ मि.ग्रॅ. फ्लोराइड असू शकते आणि मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. वाहकतेचा खरा उपयोग बदल ओळखण्यासाठी होतो: एखाद्या बोअरची वाहकता दर खेपेला १,१०० च्या आसपास येत असताना एकदम १,६०० झाली, तर त्या पाण्याची सविस्तर तपासणी व्हायलाच हवी.

प्रकाशमापीची जोडणी

गावोगावी दिल्या गेलेल्या क्षेत्रीय तपासणी संचांत पाण्यात अभिकर्मक, म्हणजे रंग आणणारे रसायन, घालून येणारा रंग छापील पट्टीशी डोळ्यांनी जुळवतात. पट्टीवरच्या दोन घरांमध्ये बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमचे अंतर असते, सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात तोच रंग वेगळा भासतो आणि दोन माणसे दोन उत्तरे देतात. फ्लोराइडच्या बाबतीत १.० आणि १.५ यांच्यामध्येच सारा निर्णय असल्याने ही रीत अपुरी पडते. अभिकर्मक तोच ठेवून केवळ डोळ्याच्या जागी प्रकाशसंवेदक आणला की अचूकपणा पुष्कळ वाढतो.

त्यासाठी चार वस्तू लागतात: एक एलईडी, सपाट बुडाच्या काचेच्या सारख्या मापाच्या कुप्या, बीएच१७५० हा प्रकाशसंवेदक आणि आर्डुइनो नॅनो. विजेच्या वायरिंगसाठी वापरतात त्या पीव्हीसी पाइपाचा कुपी सैलसर बसेल एवढा तुकडा घ्यावा, त्याला समोरासमोर दोन छिद्रे पाडावीत, एका छिद्रात एलईडी आणि दुसऱ्यात संवेदक बसवावा आणि आतून बिनचमकीचा काळा रंग द्यावा. पाइपाला वरून उजेड येऊ न देणारे टोपण हवे. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर पिवळ्या किंवा पोपटी एलईडीबरोबर ३३० ओहमचा रोधक ठेवला की सुमारे नऊ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि एलईडी फारसा तापत नाही.

एलईडीचा रंग अभिकर्मकाने येणाऱ्या रंगावरून ठरतो. द्रावण ज्या रंगाचा प्रकाश शोषून घेते तो रंग निवडायचा असतो. फ्लोराइडसाठी सर्वत्र प्रचलित असलेल्या स्पॅड्‌न्स पद्धतीत लाल द्रावण ५७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. जुन्या धाटणीचे मंद पोपटी एलईडी नेमके याच पट्ट्यात असतात. नायट्रेटच्या गुलाबी रंगासाठी ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी चालतो. बीएच१७५० ची संवेदनशीलता मानवी डोळ्याशी मिळतीजुळती, म्हणजे हिरव्या-पिवळ्या भागात सर्वाधिक असल्यामुळे या दोन्ही कामांना तो शोभतो. निळ्या किंवा गडद तांबड्या प्रकाशासाठी मात्र तो घेऊ नये.

वीज आणि पडदा यांवर खर्च करण्याची गरज नाही. ओटीजी केबलने बोर्ड मोबाइलला जोडला की वीजही मोबाइलच पुरवतो आणि सीरियल टर्मिनलच्या मोफत ॲपवर आकडेही दिसतात. पॉवर बँकेचा मोह टाळावा: एवढा कमी प्रवाह ओढला जात असेल तर बहुतेक पॉवर बँका आपल्या आपण बंद होतात आणि दोष मात्र आपण जोडणीत शोधत बसतो.

जोडणी झाल्यावर आधी दोन चाचण्या कराव्यात. एलईडी बंद ठेवून साधन भर उन्हात न्यावे. संवेदकाचा आकडा शून्य यायला हवा, न आल्यास उजेड कुठून तरी आत शिरतो आहे. मग एलईडी लावून पाच मिनिटे थांबावे, कारण तापताना त्याचा उजेड थोडा उतरतो, आणि डिस्टिल्ड पाण्याने भरलेली कुपी दहा वेळा काढून परत ठेवावी. दहाही आकडे एक टक्क्याच्या आत राहिले पाहिजेत. ते राहत नसतील तर बहुधा कुपी फिरत असते. कुपीवर आणि पाइपावर मार्करने खूण करून दोन्ही खुणा दर वेळी जुळवाव्यात. मोजणीपूर्वी कुपी बाहेरून कोरड्या सुती कापडाने पुसणे इतके साधे आहे की त्यामुळेच ते राहून जाते.

फ्लोराइड: संथपणे करण्याचे काम

स्पॅड्‌न्स अभिकर्मकाचा लाल रंग फ्लोराइडमुळे फिका होत जातो. म्हणजे पाण्यात फ्लोराइड जितके जास्त, तितका अधिक उजेड संवेदकापर्यंत पोचतो. ही पद्धत साधारण १.४ मि.ग्रॅ./लि. पर्यंतच भरवशाची आहे. त्यापुढे नमुन्यात तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळून मोजावे आणि उत्तराची दुप्पट करावी.

प्रमाणक, म्हणजे ठाऊक प्रमाणाच्या, द्रावणांसाठी १०० मि.ग्रॅ./लि. चे तयार फ्लोराइड द्रावण प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानातून घ्यावे. सोडियम फ्लोराइडची पूड विषारी असल्याने ती शाळेत किंवा घरी तोलू नये. या द्रावणाचे १० मिलिलिटर घेऊन डिस्टिल्ड पाण्याने १०० मिलिलिटर केले की १० मि.ग्रॅ./लि. चे द्रावण होते. त्यातले ४, ८ आणि १२ मिलिलिटर वेगवेगळे घेऊन प्रत्येकाचे १०० मिलिलिटर केले की ०.४, ०.८ आणि १.२ ही तीन प्रमाणके मिळतात. चौथे शून्याचे, म्हणजे नुसते डिस्टिल्ड पाणी. ही सगळी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत ठेवावीत.

आता मोजणी. प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर पाणी आणि २ मिलिलिटर अभिकर्मक घालून सारखे हलवावे. प्रमाणके आणि नमुने एकाच तापमानाचे असणे आवश्यक आहे, म्हणून सगळ्या बाटल्या आधी तासभर सावलीत एकत्र ठेवाव्यात. समजा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कुपीला संवेदकाचा आकडा २०,००० आला आणि अभिकर्मक घातलेल्या शून्य, ०.४, ०.८ व १.२ च्या कुप्यांना अनुक्रमे ५,०००, ५,५८५, ६,२३८ व ६,९६७ आले. द्रावणाने किती उजेड अडवला ते सांगणारे शोषण काढण्यासाठी २०,००० ला त्या त्या आकड्याने भागून भागाकाराचा दहाच्या पायाचा लॉगॅरिथम घ्यावा. ती उत्तरे ०.६०२, ०.५५४, ०.५०६ आणि ०.४५८ येतात, म्हणजे फ्लोराइड ०.४ ने वाढले की शोषण ०.०४८ ने घटते. गावच्या नमुन्याला ६,६०० आकडा आला तर शोषण ०.४८१ होते आणि प्रमाणकांच्या चार बिंदूंतून जाणाऱ्या रेषेवरून फ्लोराइड १.० मि.ग्रॅ./लि. मिळते. मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये हे एकदा बसवले की पुढे नुसते आकडे भरायचे असतात.

या पद्धतीतला सर्वांत नाजूक दुवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही. तो अभिकर्मक मोजून घालण्याच्या पिचकारीत आहे. अभिकर्मक स्वतःच रंगीत असल्यामुळे तो कमी-अधिक पडला की रंगही बदलतो. वरच्या उदाहरणात २ मिलिलिटरऐवजी २.१ मिलिलिटर पडले तर शोषण सुमारे ०.०२५ ने वाढते आणि उत्तर ०.२ मि.ग्रॅ./लि. ने कमी येते, १.१ चे पाणी ०.९ दिसते आणि निर्धोक ठरते. औषधाच्या पिचकारीवरच्या खुणांवर विसंबण्यापेक्षा ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशात मावणारा डिजिटल काटा घ्यावा. कुपी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, १०.०० ग्रॅम पाणी भरावे, पुन्हा शून्य करून अभिकर्मक घालावा. अभिकर्मकाची घनता पाण्यापेक्षा थोडी वेगळी असली तरी प्रत्येक कुपीत त्याचे सारखेच वजन पडते, आणि सारखेपणा हाच इथे कामाचा आहे. माझ्या मते महागडा संवेदक घेण्यापेक्षा हा काटा घेणे केव्हाही शहाणपणाचे.

काही पदार्थ या मोजणीत अडथळा आणतात. तुरटी फिरवलेल्या पाण्यातले ॲल्युमिनियम फ्लोराइडला बांधून ठेवते आणि उत्तर खोटे कमी येते. क्लोरीन अभिकर्मकाचा रंग उडवतो आणि उत्तर खोटे जास्त येते. नमुना थेट स्रोताचा घ्यावा असे वर म्हटले आहे त्याचे हेही एक कारण आहे.

काठिण्य तपासण्याची सोय असेल तर तिचा इथे जोड-पुरावा म्हणून उपयोग करावा. पाण्यात कॅल्शियम भरपूर असले तर फ्लोराइड त्याच्याबरोबर खाली बसण्याची प्रवृत्ती असते. उलट ज्या बोअरचे पाणी मऊ, साबणाला चांगला फेस देणारे आणि अल्कधर्मी असते तिथे फ्लोराइड विरघळलेले राहते. म्हणून खडकाळ भागातले खोल बोअर आणि मऊ, गोडसर पाणी अशी जोडी दिसली की तो नमुना सर्वांत आधी तपासावा. चवीला चांगले म्हणून लोक नेमके तेच पाणी पसंत करतात.

नायट्रेट आणि जिवाणू

नायट्रेटसाठी तयार पट्ट्या पुरेशा आहेत, मात्र पट्टीच्या डबीवर आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधील नायट्रोजनचा, हे आधी वाचावे. ४५ मि.ग्रॅ./लि. नायट्रेट म्हणजे सुमारे १० मि.ग्रॅ./लि. नायट्रोजन, हा भेद न कळल्यास मर्यादेच्या दुपटीने दूषित पाणीही निर्धोक वाटू शकते. पट्टी सावलीत, डबीवर सांगितलेल्या सेकंदांनीच वाचावी. प्रकाशमापीवर मोजायचे असेल तर जस्ताच्या पुडीने नायट्रेटचे नायट्राइट करून गुलाबी रंग आणणारा अभिकर्मक वापरतात. किती नायट्रेटचे रूपांतर होईल हे कुपी किती वेळ हलवली यावर ठरते, म्हणून मोबाइलवर वेळ लावून प्रमाणके आणि नमुने सारखाच वेळ हलवावेत.

जिवाणूंसाठी हायड्रोजन सल्फाइडची बाटली वापरतात. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज ती देशभर वापरात आहे. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली ३० ते ३७ अंशांत २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळे पडले तर विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची दाट शंका घ्यायची. हिवाळ्यात विदर्भात रात्री तापमान बरेच उतरते आणि बाटली उगाचच स्वच्छ दिसते, म्हणून ती थर्माकोलच्या पेटीत कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवावी. ज्या बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास आहे तिथे ही चाचणी निरुपयोगी ठरते. पाणी क्लोरीनयुक्त असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेली नमुना बाटली वापरावी, नाहीतर उरलेला क्लोरीन बाटलीतही जिवाणू मारत राहतो.

साधन खरे बोलते का

पहिल्या हंगामात वेगवेगळ्या प्रमाणांचे वीसेक नमुने घ्यावेत, प्रत्येकाचे दोन भाग करून एक आपल्या साधनावर मोजावा आणि दुसरा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. आडव्या अक्षावर प्रयोगशाळेचा आणि उभ्या अक्षावर आपला आकडा घेऊन आलेख काढावा. सगळे बिंदू एकाच दिशेला सरकलेले दिसले तर प्रमाणकांत खोट आहे. ते चहूकडे विखुरलेले असतील तर हाताळणीत. त्यानंतर दर दहा नमुन्यांमागे एक प्रयोगशाळेत जात राहावा. त्याशिवाय दर फेरीत एक नमुना न सांगता दोनदा मोजायला द्यावा आणि सुरुवातीला व शेवटी ०.८ चे प्रमाणक मोजावे. ते ०.७ ते ०.९ च्या बाहेर गेले तर त्या फेरीतले सगळे आकडे रद्द समजावेत. अर्धवट दुरुस्ती करून वापरू नयेत.

शून्य प्रमाणक दहा वेळा मोजून येणाऱ्या फ्लोराइडच्या आकड्यांचे प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) काढावे आणि त्याची तिप्पट करावी. त्याहून कमी फ्लोराइड आपल्या साधनाला ओळखता येत नाही, तेव्हा वहीत तिथे शून्य न लिहिता ‘मर्यादेखाली’ असे लिहावे.

निर्णयाचा नियम मोजणीआधीच ठरवून ठेवणे बरे. मला पुढील नियम व्यवहार्य वाटतो. साधनाची चूक ०.२ च्या आसपास धरून फ्लोराइड ०.८ च्या खाली आले तर पुढच्या हंगामात पुन्हा मोजावे, ०.८ किंवा अधिक आले तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा; १.२ च्या वर आले आणि दुसरा स्रोत जवळ असेल तर अहवालाची वाट न पाहता ते पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वापरणे थांबवावे. धुण्याभांड्याला ते चालते. हापशावर लाल रंग मारण्याची घाई मात्र करू नये. स्रोत बंद करण्याचा अधिकृत आधार प्रयोगशाळेचा अहवालच असतो.

पाणी उकळून फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, उलट वाफ झाल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते, हे आकडा सांगतानाच सांगावे. ज्या घरात बाटलीने दूध पिणारे तान्हे मूल आहे तिथे नायट्रेटचा आकडा त्याच दिवशी पोचला पाहिजे, कारण त्यामुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. फ्लोराइडसाठी जवळच्या उथळ विहिरीचे किंवा साठवलेल्या पावसाचे पाणी हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. तो नसेल तर नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले तुरटी आणि चुन्याचे नालगोंडा तंत्र किंवा सक्रिय ॲल्युमिनाचे गाळणे यांचा विचार प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली करावा.

नोंदवही, देखभाल आणि सांडपाणी

प्रत्येक स्रोताला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो हापशाच्या ओट्यावर रंगवावा. ‘पाटलांच्या वाड्यामागचा बोअर’ अशी नोंद तीन वर्षांनी कोणालाच उलगडत नाही. वहीत क्रमांक, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, पाण्याची पातळी, तापमान, वाहकता, संवेदकाचा मूळ आकडा आणि मोजणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ आकडा लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे अंशशोधनात चूक सापडली तर त्यावरून उत्तर पुन्हा काढता येते. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. आपल्या फेऱ्याही तेव्हाच ठेवल्या तर दोन्ही नोंदी शेजारी मांडता येतात.

स्पॅड्‌न्स अभिकर्मकात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काही तयार अभिकर्मकांत सोडियम आर्सेनाइटही असते. म्हणून हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि वापरलेले द्रावण मोरीत किंवा हापशाशेजारी न ओतता झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात साठवून प्रयोगशाळेच्या स्वाधीन करावे. काळ्या पडलेल्या जिवाणू-बाटलीत ब्लीचिंग पावडरचे दाट द्रावण घालून अर्धा तास थांबावे आणि मग ती रिकामी करावी. अभिकर्मकाच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहावी, ती उन्हापासून दूर ठेवावी आणि मुदत संपलेली बाटली उरली आहे म्हणून वापरत राहू नये. वाहकतेच्या कांड्या दर वेळी डिस्टिल्ड पाण्याने धुवाव्यात. जड पाण्याने त्यांच्यावर पांढरा थर धरला असेल तर त्या थोडा वेळ पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून पुन्हा १,४१३ च्या द्रावणावर पारखाव्यात. पावसाळ्यात प्रकाशमापीच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, कारण कुपीवर किंवा संवेदकावर आलेले धुके रंगासारखेच मोजले जाते, आणि ऑक्टोबरच्या फेरीआधी चारही प्रमाणके नव्याने करून रेषा पुन्हा आखावी.